धबधब्याच्या अलीकडे

भारतातून पाहुणे आले की त्यांना नायगारा दाखवून आणणे हा टोरांटो परिसरातल्या मराठी संसाराचा कुलाचारच होऊन बसला आहे. आमच्या घरच्या फेऱ्यांचा हिशेब मी पंधरानंतर सोडून दिला. मेथीचे पराठे आणि दहीभात बरोबर घ्यायचा, क्वीन एलिझाबेथ वे धरायचा, हॅमिल्टन मागे टाकायचे, की पुढचा तासभर डाव्या हाताला ऑन्टारिओ सरोवर आणि उजव्या हाताला डोंगराची एक लांबच लांब धार सोबतीला असते. मधल्या पट्ट्यात खांबांना ताणलेल्या तारांवर वेलींच्या रांगाच रांगा. पाहुणे विचारतात, "हे काय हो?" आपण म्हणतो, "द्राक्षे. वाईन करतात इथे." आणि विषय धबधब्याकडे वळतो.

हा लेख त्या मधल्या पट्ट्याविषयी आहे. सभासदांपैकी काहींना वाईनमध्ये रस असेल, काहींच्या घरी बाटलीचे नावही निघत नसेल. दोघांनीही वाचायला हरकत नाही, कारण ही गोष्ट पिण्यापेक्षा पिकवण्याची जास्त आहे.

तिची सुरुवात होते आपल्यातल्या अनेकांच्या अंगणात, म्हणजे मिसिसागात. हुरॉन्टारिओ आणि डंडास या रस्त्यांच्या चौकाभोवतीचा भाग म्हणजे कुक्सव्हिल. आज तिथे उंच इमारती, बसथांबे आणि देशी वाणसामानाची दुकाने आहेत. योहान शिलर नावाच्या निवृत्त जर्मन कॉर्पोरलने १८११ साली इथेच द्राक्षे लावली आणि वाईन करून शेजाऱ्यांना विकली, असे कॅनडाच्या वाईनचे पुस्तकी इतिहास सांगतात. अलीकडच्या अभ्यासकांनी या १८११ वर शंका घेतली आहे. दंतकथा कुठे संपते आणि नोंद कुठे सुरू होते ते नीट दिसत नाही. पण पुढचा भाग पक्का आहे. १८६४ साली तीच जागा जस्टिन द कूर्तने या गृहस्थाने घेतली, तिथे मोठी बाग केली आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात इथली वाईन पाठवली. कुक्सव्हिलची वाईन पॅरिसला! गो ट्रेनची वाट पाहत त्या फलाटावर कुडकुडताना हे आठवले तर तेवढीच ऊब.

मग द्राक्षे मिसिसागा सोडून नायगाराकडे का गेली? याचे उत्तर उष्णतेच्या शास्त्रात आहे. माझी डॉक्टरेट त्याच विषयातली. पोटासाठी मात्र गेली वीस वर्षे संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे त्या विद्येचा उपयोग करण्याची संधी क्वचितच मिळते. वाचकांनी एक परिच्छेद सहन करावा.

ऑन्टारिओ सरोवर प्रचंड खोल आहे, काही ठिकाणी २४४ मीटर. एवढे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. एरी सरोवर जेमतेम ६४ मीटर, ते कडक हिवाळ्यात बहुतेक गोठून जाते. ऑन्टारिओ सहसा गोठत नाही. वसंतात या थंड पाण्यामुळे किनाऱ्याची हवा गार राहते, वेलींना कोंब उशिरा फुटतात आणि एप्रिल-मेच्या हिमकडाक्यातून वाचतात. शरदात तेच पाणी उबदार असते, म्हणून फळाला पिकायला आणखी दोन-तीन आठवडे मिळतात. सरोवरावरून आलेली हवा त्या डोंगरधारेला, म्हणजे नायगारा एस्कार्पमेंटला, आपटून पुन्हा सरोवराकडे फिरते आणि थंड हवा उतारावर साचून राहत नाही. बागांमधून मधूनमधून विमानाच्या पंख्यासारखे उंच पंखे उभे दिसतात. ते वीज निर्माण करत नाहीत (आमच्या प्रत्येक पाहुण्याचा हाच समज होतो), उलट इंधन जाळून फिरतात. निरभ्र शांत रात्री जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर असतो; पंखा तो वरचा थर खाली ओढतो. दोन-तीन अंशांचाच फरक पडतो, पण उणे बावीस आणि उणे पंचवीस यांच्यामध्ये वेलीचा डोळा जगतो की मरतो हे ठरते.

असो. एकोणिसाव्या शतकात इथे जी द्राक्षे लावली गेली ती युरोपची नव्हेत, अमेरिकेची: कॉन्कर्ड, नायगारा आणि त्यांची भावंडे. थंडी सोसणारी, रोगाला न जुमानणारी, खायला गोड. पण वाईन केली तर तिला एक उग्र दर्प येतो, त्याला जाणकार कोल्ह्याचा वास म्हणतात. १८७३ साली बार्न्स, १८७४ साली टोरांटोत ब्राइट (१८९० मध्ये तो कारखाना नायगारा फॉल्सला हलला), असे कारखाने निघाले आणि गोड, जड वाईनचा धंदा चालू झाला.

मग आली दारूबंदी, आणि या भागाची खरी गंमत तिच्यात आहे. १९१६ ते १९२७ ऑन्टारिओत दारूबंदी होती. व्हिस्की बंद, बियर बंद. पण द्राक्षबागायतदारांचे राजकीय वजन एवढे, की ऑन्टारिओच्या द्राक्षांची वाईन कायद्यातून वगळली गेली! परिणाम व्हायचा तोच झाला. वाईनचे कारखाने भराभर उगवले. कित्येक तर घराच्या तळघरातले. माल कसा असेल हे सांगणे न लगे. १९२७ मध्ये बंदी उठली, सरकारी दारूमंडळ एलसीबीओ स्थापन झाले, आणि त्याने आधीच उदंड झालेल्या या कारखान्यांना आवर घालण्यासाठी नवे परवाने देणे बंद केले. पुढे जवळजवळ अर्धशतक एकही नवा परवाना निघाला नाही. पिणाऱ्यालाही परवाना लागे. दुकानात चिठ्ठी लिहून द्यायची, मग आतून बाटली यायची. गिऱ्हाईकाने स्वतः फळीवरून बाटली उचलायची सोय पहिल्यांदा १९६९ साली झाली. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आणि त्याखालचे पिण्याचे परवाने ज्यांना आठवतात, त्यांना ही सगळी भाषा ओळखीची वाटेल. सरकारला दारू नको असते आणि तिच्यावरचा कर मात्र हवा असतो. ही ओढाताण कोण्या एका देशाची मिरास नाही.

या काळाचा कळस म्हणजे 'बेबी डक'. १९७१ साली अँड्रेस कंपनीने बाजारात आणलेली ही गोड, फसफसणारी, गुलाबीसर वाईन कॅनडात धो धो खपली. त्या दशकात इथे आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींपैकी काहींनी ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत तिची चव घेतली असेल आणि 'वाईन म्हणजे हेच का ते?' असे म्हणून पुन्हा चहाकडे वळली असतील. त्यांचा दोष नव्हता.

हे चित्र बदलले ते स्थलांतरितांनी. कार्ल कायझर हा ऑस्ट्रियातून आलेला, ब्रॉक विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला माणूस. डोनाल्ड झिराल्डो इटालियन आईबापांचा मुलगा, झाडांची रोपवाटिका चालवणारा. कायझरने त्याच्याकडून वेल घेतले आणि घरी वाईन केली; ती झिराल्डोने चाखली आणि दोघांनी मिळून परवाना मागितला. १९२९ नंतरचा पहिला परवाना त्यांना ३१ जुलै १९७५ रोजी मिळाला. तो देणारे मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मेजर जनरल जॉर्ज किचिंग होते. कारखान्याचे नाव इनिस्किलिन, सुरुवात एका रोपवाटिकेच्या शेडमध्ये. तीन वर्षांनी पॉल बॉस या अल्जीरियात जन्मलेल्या, बर्गंडीत शिकलेल्या द्राक्षतज्ज्ञाने शातो दे शार्म काढले आणि लोक येडा म्हणत असतानाही युरोपी द्राक्षांची लागवड केली. (इनिस्किलिन पुढे विकले गेले, पुन्हा विकले गेले आणि २०१६ पासून त्याची मालक कंपनी ऑन्टारिओच्या शाळामास्तरांच्या पेन्शन फंडाच्या हातात आली. मुलांना बीजगणित शिकवून थकलेल्या शिक्षकांचे म्हातारपण काही अंशी वाईनवर अवलंबून आहे, यात मला तरी काही गैर दिसत नाही.)

युरोपी द्राक्षे इथे मुळासकट लावत नाहीत. खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच किंवा जर्मन डोळा, असे कलम असते. फायलॉक्सेरा नावाची मुळे पोखरणारी बारीक कीड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फ्रान्सला पोहोचली आणि तिथल्या बागा तिने फस्त केल्या. ज्या रानटी जातींनी ती कीड पोसली होती त्यांच्याच मुळांनी शेवटी युरोपला तारले. नाशिककडचे बागायतदार डॉगरिज खुंटावर थॉमसनचे कलम करतात, त्यामागे कीड नसून पाण्याचा ताण आणि खारवट जमीन आहे. पण युक्ती तीच.

एवढ्याने क्रांती झाली असे मात्र नाही. खरा धक्का बसला १९८८-८९ मध्ये. तोवर प्रांतिक दारूमंडळे बाहेरच्या वाईनवर जादा अधिभार लावून स्थानिक माल जगवत होती. युरोपने गॅटकडे तक्रार केली, निकाल कॅनडाविरुद्ध गेला. त्यातच अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९८९ पासून अमलात आला. कॅलिफोर्नियाची वाईन त्याच भावात शेजारी उभी राहणार म्हटल्यावर बेबी डकच्या द्राक्षांना कोण विचारतो? वर्तमानपत्रांनी या धंद्याचे मृत्युलेख लिहून ठेवले होते म्हणतात. सरकारने मग बागायतदारांना पैसे देऊन जुने वेल उपटायला लावले. हजारो एकरांवर कुऱ्हाड चालली. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, व्हीक्यूए ही प्रतवारीची शिस्त आली: बाटलीत शंभर टक्के ऑन्टारिओची द्राक्षे, ठरलेल्या जाती, चव घेणाऱ्या समितीची मान्यता. १९९९ मध्ये तिचा कायदा झाला. ब्रॉक विद्यापीठात १९९६ साली थंड हवेच्या द्राक्षशेतीची संशोधनसंस्था निघाली. आज नायगाऱ्यात रिजलिंग, शार्दोने, काबेर्ने फ्राँ ही नावे जी अभिमानाने घेतली जातात ती या उपटण्यानंतरची आहेत. मला स्वतःला संरक्षक जकातीच्या बाजूने बोलायला आवडते, पण इथे तरी संरक्षण काढल्यावरच माल सुधारला हे नाकारता येत नाही. फक्त एक विसरू नये. वेल उपटणाऱ्याला इथे सरकारने भरपाई दिली. २००८ च्या मंदीनंतर नाशिकमध्ये वाईनद्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी स्वखर्चाने बागा तोडल्या.

ही तुलना मला सुचली ती माझ्या सासऱ्यांमुळे. अण्णा निफाड तालुक्यातले, तीन पिढ्यांचे द्राक्षबागायतदार. भोकरी गेली, अनाबेशाही आली, तीही गेली आणि थॉमसन आली, हे सगळे त्यांनी आपल्या हातांनी लावले आणि तोडले. शिवाय गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी. २०१८ च्या सप्टेंबरात ते आमच्याकडे होते. सेंट कॅथरिन्सला द्राक्ष आणि वाईनचा वार्षिक उत्सव असतो, १९५२ पासूनचा. माळकरी माणसाला तिथे न्यावे की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी अण्णाच म्हणाले, "पिणारे पितील. मला बाग बघायचीय."

उत्सवाचे मुख्य ठिकाण माँटेबेलो पार्क, शहराच्या मधोमध. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने त्याची आखणी केलेली. जुन्या झाडांखाली कारखान्यांचे तंबू, कुपने देऊन अर्धा पेला चाखायचा, बाजूला खाण्याची दुकाने, मंचावर गाणी. रस्त्यावरून मिरवणूक जाते: शाळांचे बँड, सजवलेले ट्रक, अग्निशमनदल, आजूबाजूच्या गावांचे महापौर. हे महापौर पुढे मोठ्या पिंपांत उभे राहून अनवाणी पायांनी द्राक्षे तुडवतात, कोणाचा रस जास्त निघतो याची स्पर्धा असते. आपल्याकडच्या एखाद्या नगराध्यक्षाला अशा पिंपात उभे करण्याची कल्पना मनात आली आणि मी ती लगेच झटकली. लहान मुलांचे आईबाप घोळक्याने बसलेले, झिंगलेला माणूस क्वचित. अण्णांना द्राक्षाचा ताजा रस मिळाला. तो त्यांनी जिभेवर घोळवला आणि "साखर बावीसच्या पुढं असेल" असा निकाल दिला.

या उत्सवात दर वर्षी एका बागायतदाराला 'द्राक्षराजा' म्हणून निवडतात. ही प्रथा १९५० च्या दशकापासूनची. नुसती सोडत नव्हे. जाणकार बागेत जाऊन छाटणी, खत, हिशेब सगळे तपासतात. मी हे कौतुकाने सांगितले. अण्णांनी विचारले, "राजा ठीक आहे. भाव कोण ठरवतो?"

प्रश्न बरोबर ठिकाणी होता. ऑन्टारिओत १९४७ पासून बागायतदारांचे कायदेशीर पणन मंडळ आहे. ते कारखानदारांशी बोलणी करून जातीनुसार आणि साखरेच्या प्रमाणानुसार दर ठरवते. तोडणीनंतर व्यापारी फोन बंद करून परागंदा झाला, असे सहसा होत नाही. अण्णा बराच वेळ गप्प होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच शिवारातल्या सात-आठ जणांचे पैसे एका परप्रांतीय व्यापाऱ्याकडे बुडाले होते.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिल गावाजवळच्या एका बागेत गेलो. मालक हौशी होता. अण्णा वेलींच्या रांगांतून पायी फिरले. त्यांना पहिले आश्चर्य वेलींच्या उंचीचे, की हे कंबरेएवढेच का. आमच्याकडे मांडव किंवा वाय पद्धत, माणूस खालून चालतो. मग छाटणी. नाशिकला हिवाळाच पुरेसा नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काड्या तयार करायच्या आणि ऑक्टोबरात फळछाटणी करायची, अशी वर्षातून दोनदा कात्री चालवून त्याला ऋतू शिकवावा लागतो. इथे वेल पाच महिने मेल्यासारखा निजतो आणि एकदाच छाटला जातो. मालकाला दोन छाटण्यांची कल्पना पटेना. दोघांमध्ये दुभाषा मी. मला भुरी आणि केवडा या रोगांची इंग्रजी नावे येत नव्हती, पण पानाची पाठ उलटून दाखवल्यावर दोघांनाही ती कळली.

तोडणी करणारे सहाजण मेक्सिकोचे होते. त्यांच्यातल्या एकाला इंग्रजी येत होते. तो एकोणीस हंगाम याच भागात येत होता. अण्णांनी माझ्यामार्फत घरी कोण कोण असते ते विचारले. बायको, तीन मुले. मोठी मुलगी कॉलेजात. मुलांच्या जन्माच्या वेळी तो एकदाही घरी नव्हता. तिन्ही मुले उन्हाळ्यातली.

घरी येऊन मी हा विषय वाचून काढला, आणि या लेखाचे निमित्त खरे तर तेच आहे. कॅनडाची हंगामी शेतमजुरांची योजना १९६६ साली जमैकाच्या २६४ मजुरांपासून सुरू झाली. ते ऑन्टारिओतच आले. पुढे त्रिनिदाद, बार्बाडोस आणि १९७४ मध्ये मेक्सिको सामील झाले. अट अशी की वर्षात जास्तीत जास्त आठ महिने राहायचे, ठरलेल्या मालकाकडेच काम करायचे, मग परत जायचे. कुटुंब आणता येत नाही. किती हंगाम आलात याचा कायमच्या वास्तव्यासाठी काही उपयोग नाही. वीस वर्षे या देशात अर्धेअधिक आयुष्य काढले तरी तो माणूस कायद्याच्या दृष्टीने पाहुणाच.

आता दुसरी तारीख पाहा. १ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी पॉइंट सिस्टिम अमलात आली, शिक्षणाला इतके गुण, भाषेला इतके, व्यवसायाला इतके. त्याआधी १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला दीडशे माणसे घेतली जात, १९५७ पासून तीनशे. पॉइंट सिस्टिमने जन्मदेशाचा प्रश्न बाजूला ठेवला. आपले डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक, आणि पुढे आम्ही संगणकवाले याच दाराने आत आलो. एकच देश, एकच सरकार, जेमतेम एका वर्षाचे अंतर, आणि दोन दारे. एका दारावर 'या, बसा, मुलाबाळांना आणा'. दुसऱ्यावर 'काम झाले की निघा'. आपण आपल्या गुणांवर आलो, हे आपण नेहमी सांगतो आणि ते खोटे नाही. पण द्राक्षाचा घड न दुखावता तोडणे, हजारो काड्यांतून नेमकी पुढल्या वर्षाची काडी ओळखून बाकीच्या छाटणे, हा गुण त्या तक्त्यात बसवला गेला नाही, हेही तितकेच खरे. अण्णांच्या बागेत अशी छाटणी येणाऱ्या माणसाला कारागीर म्हणतात.

मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं पेठ-सुरगाण्याची माणसं येतात छाटणीला, डिपिंगला. येतात, जातात. पण उद्या एखाद्यानं निफाडात खोली घेतली तर त्याला कोणी हाकलत नाही." मग थोडे थांबून स्वतःच म्हणाले, "आता बांधावर पालात राहतात, त्यांना खोली कुठली परवडायला, ती गोष्ट वेगळी." अण्णांचा हा स्वभाव मला आवडतो, दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवताना ते आपल्या घराचा दिवा मालवत नाहीत.

ऑन्टारिओच्या शेतमजुरांना संघटनेचा अधिकार मिळावा म्हणून खटले लढले गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, प्रांताने २००२ मध्ये एक सौम्य कायदा केला आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाने तो पुरेसा ठरवला. सामुदायिक वाटाघाटी मालकावर बंधनकारक झाल्या नाहीत. २०२० च्या साथीत ऑन्टारिओच्या शेतांवर मेक्सिकोचे तीन मजूर दगावले तेव्हा काही दिवस वर्तमानपत्रांत गवगवा झाला. ब्रिटिश कोलंबियातल्या ओकानागन खोऱ्यात पंजाबी कुटुंबे मजुरी करता करता बागांची मालक झाली, काहींचे स्वतःचे वाईनचे कारखाने आहेत. ते शक्य झाले कारण त्यांना इथे राहता आले.

नायगाऱ्याचे जगभर नाव झाले ते मात्र आइसवाईनमुळे, तेव्हा तिच्याविषयी लिहायलाच हवे. युक्ती मूळ जर्मनीची. द्राक्षे तोडायची नाहीत. डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवरच राहू द्यायची. तापमान उणे आठ किंवा त्याखाली गेले की, बहुधा मध्यरात्री, गोठलेले घड तोडायचे आणि गोठलेलेच पिळायचे. पाण्याचा बर्फ मागे राहतो, साखरेचा दाट रस तेवढा थेंबथेंब निघतो, नेहमीच्या एक सप्तमांशाएवढा. १९८३ साली इनिस्किलिनचे पीक पक्ष्यांनी खाल्ले. १९८४ मध्ये त्यांनी जाळी बांधली आणि वाईन झाली. त्यांच्या १९८९ च्या विदाल द्राक्षांच्या बाटलीला १९९१ मध्ये बोर्दोच्या व्हिनएक्स्पो प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस मिळाले आणि तिथून पुढे पिअरसन विमानतळावर त्या सडपातळ बाटल्या रचल्या जाऊ लागल्या. ज्या थंडीला आपण सहा महिने शिव्या देतो तिचाच माल करून विकणे, ही अक्कल दाद देण्याजोगी आहे. धोकाही आहे. २०१९ च्या हंगामात हिवाळा इतका सौम्य गेला की जर्मनीत आइसवाईन जवळजवळ झालीच नाही. आणि कडाका जास्त झाला तर? जानेवारी २०२४ च्या थंडीत ओकानागनच्या वेलींचे डोळे मेले, त्या वर्षीचे पीक जवळपास सगळे गेले आणि सरकारला बाहेरून द्राक्षे आणायची परवानगी द्यावी लागली.

आमच्या धंद्यातल्यांसाठी एक किस्सा. २००१ च्या तोडणीत आशियाई चित्रकिडे, त्या ठिपक्याठिपक्यांच्या गोंडस भुंग्या, घडांबरोबर यंत्रात गेल्या. पिंपभर द्राक्षांत मूठभर किडे, पण वाईनला शेंगदाण्याच्या कुटासारखा वास आला आणि कित्येक कारखान्यांनी माल ओतून दिला. एवढ्या शब्दशः अर्थाने 'बग' सापडल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

नाशिकचा इतिहास या मानाने तरुण. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाईन केली. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले आणि ओरॅकलमध्ये नोकरी केलेले राजीव सामंत नाशिकला परतले, १९९७ च्या सुमारास गंगापूरच्या बाजूला वेल लावले, आणि २००० साली आईच्या सुलभा या नावावरून 'सुला'ची पहिली वाईन काढली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, विंचूरला वाईन पार्क झाले, २००८ पासून सुलाचा स्वतःचा उत्सवही भरू लागला. मात्र जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा गदारोळ उठला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. ऑन्टारिओत तीच गोष्ट ५ सप्टेंबर २०२४ पासून कोपऱ्यावरच्या दुकानांतही सुरू झाली, पण सरकारी दारूमंडळ निघाल्यापासून तिथवर पोहोचायला या प्रांतालाही सत्त्याण्णव वर्षे लागली. माझे सासरे यावर म्हणतात की वाईन कुठे विकायची ते विका, द्राक्षाला उठाव हवा. माळ गळ्यात असूनही त्यांचे हे मत आहे, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही.

१९८९ चा मुक्त व्यापार या बागांचे मरण म्हणून आला होता. ४ मार्च २०२५ रोजी जकातीच्या भांडणात एलसीबीओने अमेरिकेच्या सगळ्या बाटल्या फळ्यांवरून उतरवल्या, आणि त्या रिकाम्या जागी ऑन्टारिओची वाईन बसली. खप चांगला वाढला. वेल लावल्यापासून बरे पीक यायला तीन-चार वर्षे लागतात, भांडण तितके टिकेल का याचा हिशेब आता प्रत्येक बागायतदार आपापल्या स्वयंपाकघरात बसून करत असणार.

पुढच्या सप्टेंबरात पाहुणे आले तर ग्रिम्सबीला हायवे सोडावा आणि ८१ नंबरचा जुना रस्ता धरावा. बीम्सव्हिल, व्हाइनलँड, जॉर्डन अशी गावे एकामागून एक लागतात. अर्धा तास जास्त जातो, धबधबा कुठे पळत नाही. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कॉन्कर्डच्या टोपल्या मिळतात, तीच ती जुनी, उपटलेल्यांतून उरलेली जात. साल जाड, दाबली की आतला गर टपकन बाहेर येतो, वास सगळ्या गाडीभर. बिया भरपूर असतात, तेव्हा मुलांच्या हातात आधी एखादे जुने वर्तमानपत्र द्यावे.